रविवारची आई

४ मार्च

प्रिय चिमणे,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन वाजला की आई हातातलं टाकून तुझ्या पाठीशी येऊन उभ्या राहतात. आणि आज जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जाता कामा नये. तुझ्या ग्रंथालयात मुलं नसताना वाच.

काल आम्ही दोघं टिल्लूभाऊजींच्या नव्या इटालियन हॉटेलात जेवून आलो. आमंत्रण नव्हतं. तुझ्या दादाने आपली आपण जागा राखून ठेवली. आडनाव बघून तरी कोणी चमकेल असं त्याला वाटलं होतं. दारातल्या मुलीने ते आडनाव कसं लिहायचं एवढंच विचारलं. बरोबरच आहे, टीव्हीवर आडनाव कुठे असतं? तिथे ते नुसते 'शेफ'.

हे त्यांचं साधं हॉटेल. नाव 'आईकडे'. मोठं हॉटेल वेगळं, तिथे कोट घालून जावं लागतं. इथे साधेपणा आहे, आणि तो कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून भिंतीवर लिहूनही ठेवला आहे. भिंतींचा गिलावा गवंडी लावून खरवडून घेतलाय. बसायला खोकी. पाठ टेकायला काही नाही, कारण आपल्या माणसांत पाठ टेकायची नसते, असं काहीतरी आहे. दादाची कंबर तुला माहीत आहे. वेटर आमच्या टेबलापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजच्या प्रवासात मी तुमच्यासोबत असेन." दादा म्हणाला, "का, कुठे जायचंय?"

मेनूच्या पहिल्या पानावर एकच वाक्य होतं: 'चावणं ही हिंसा आहे.' मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे छापलेलं वाक्य मी दोनदा वाचते. दुसऱ्यांदाही ते तसंच होतं. आणि जेवण त्याला धरूनच निघालं. पास्ता मऊ. पावाच्या कडा कापलेल्या. भाज्या अशा शिजवलेल्या की काट्याने उचलल्या तर बेशुद्ध पडत. पास्ता दाताला किंचित लागला पाहिजे, असं मी मागे एका पाककृतींच्या पुस्तकात वाचलं होतं. इथे दातांना सुट्टी होती. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ डोळे मिटून म्हणत होते, "काय धाडस आहे!" दादा मला हळूच म्हणाला, "आजारी माणसाला देतात तसं आहे गं."

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, टोमॅटोचा सॉस उत्तम होता. मी ताटली पुसून खाल्ली. त्यामुळे मी चेष्टा करते आहे ती न्यायाने की नुसत्या जळफळाटाने, हा प्रश्न मला रात्रभर पडला. पुढे जाते.

भिंतभर एक फोटो आहे. पिठाने माखलेले हात, रुपेरी अंबाडा, गालाला खळ्या, अशी एक प्रेमळ म्हातारी. खाली लिहिलंय, 'आई.' मला वाटलं, शोभेचं चित्र असेल. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि फोटो चालत बाहेर आला! दर रविवारी 'आई घरी असतात', असं वेटरने सांगितलं. ती बाई प्रत्येक टेबलापाशी थांबते, गालावरून हात फिरवते आणि विचारते, "जेवलास का रे बाळा?" शेवटी भाऊजी स्वतः बाहेर येतात, सगळ्यांसमोर तिच्यापुढे मान झुकवतात, ती त्यांनाही तेच विचारते, लोक मोबाइल उंच धरतात. दूर बसल्यामुळे आम्ही त्यांना दिसलो नाही, किंवा दिसलो.

आमच्या टेबलाशी आली तेव्हा तुझ्या दादाला काय झालं कोण जाणे, तो चक्क उठून उभा राहिला आणि "हो" म्हणाला. ती म्हणाली, "माझा लेक एवढासा होता ना, तेव्हा स्टुलावर चढून माझ्या शेजारी पीठ मळायचा." वेटरने डोळे पुसले. मी तिचं सोंग उघडं पाडावं की नाही? पण तिचा हात अजून माझ्या गालावर होता, आणि मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "छान वाढवलंत हो मुलाला."

म्हणजे मी, या घरची सून, तुमच्या आईसमोर नाही, पण तुमच्या आईच्या जागी उभ्या केलेल्या बाईसमोर असं बोलले. आता सांग, आईंना काय सांगायचं? त्या तर नव्या हॉटेलात कधी नेताय म्हणून वाट बघत असतील.

तुझी,
वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र पुस्तकांच्या कपाटामागे उभं राहून वाचलं. भाड्याची आई! आणि पीठ मळणारी! आपल्या आईने आयुष्यात काही मळलं असेल तर ते दातांचे साचे घ्यायचं मिश्रण. आमच्या लहानपणी जेवण कोपऱ्यावरच्या हॉटेलातून यायचं आणि आई दवाखान्यातून यायची, आणि दोन्ही घरी पोचेपर्यंत गार झालेली असायची. फारच वेळ मिळाला तर अंडी उकडायची. गालाला हात लावायची ती जबडा धरायला. "तोंड उघड." बस, एवढंच. आम्हा तिघांच्या हाडात बसलेत ते शब्द. अजून कोणी मागून येऊन म्हणालं तर आधी तोंड उघडेल, मग वळून बघू.

पण म्हणून तिला असं भिंतीवरून पुसून टाकायचं?

तू इथे असतीस तर तुला बघवलं नसतं. त्याचा कार्यक्रम लागला की ती खुर्ची ओढत टीव्हीला नाक लावून बसते. आवाज बंद करते. त्याचं बोलणं ऐकवत नसेल, जीव कासावीस होत असेल. तो चमच्याने काही तोंडात घालतो तेव्हा ती 'च्च' करते आणि मान हलवते. मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणे, "मला भेटायचंय त्याला. लवकर." हे तिने कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. दवाखाना बंद केल्यापासून ती एकटी पडली आहे, दुसरं काय.

फोन केला की त्याची मदतनीस मुलगी उचलते. "शेफ आत्ता चव घेत आहेत." दर वेळी तेच. परवा आईने फोन माझ्या हातून घेतला आणि विचारलं, "चव घेतोय? कुठल्या बाजूने?" त्या मुलीने फोन ठेवून दिला. वय झालं गं तिचं. काहीतरीच विचारते.

मी तिला सांगून टाकलंय की हॉटेल अजून उघडलेलंच नाही, पाण्याचा पाईप फुटलाय. तू आता तुझं खरं-खोटं काढत बसू नकोस. दादालाही हेच सांगायला सांग. आणि त्या टिल्लूला जाऊन गाठ.

चिमणी


२० मार्च

प्रिय चिमणे,

गाठलं.

पाईपबद्दल दादाला सांगितलं. तो पाणीपुरवठ्यात नोकरीला असल्यामुळे त्याने विचारलं, "कितीचा पाईप?" त्याला खोटंही नीट मापात लागतं.

मी दुपारी गेले, गर्दी नसते तेव्हा. आधी मला हॉटेलच्या 'अनुभवप्रमुख' भेटल्या. पंचविशीची मुलगी आहे, पण कार्डावर तसं छापलंय. तिने मला पाणी दिलं, माझ्या भावना समजून घेतल्या आणि मला दाराकडे नेऊ लागली. तेवढ्यात भाऊजी आतून आले. मला मिठी मारली. मनापासून मारली, हे मी नोंदवते.

मी म्हटलं, "भाऊजी, आई जिवंत आहेत."

"माहितीये गं वहिनी. दीर्घायुषी होवो."

"मग ही कोण?"

"ही गोष्ट आहे. लोक पास्त्याला नाही येत, आईला येतात." मग हसून म्हणाले, "आणि आपल्या आईला इथे उभं करू? पहिल्याच गिऱ्हाइकाला विचारेल, रात्री दात घासता का. खरं सांगू, आपली आई लोकांना चालणार नाही."

चिमणे, मी हसले. आईंचा तो आवाज इतका हुबेहूब डोक्यात उमटला की हसू फुटलंच. रस्त्यावर आल्यावर लाज वाटली. हसू खरं होतं की लाज खरी होती, हे मला अजून ठरवता येत नाही.

"एकदा घरी येऊन भेटून तरी जा," मी म्हटलं. म्हणाले, "हा सीझन संपला की नक्की." कुठला सीझन, ते सांगितलं नाही. बोलताना त्यांनी पाणी मागवलं. ते कोमट, तेही नळीने, ओठाच्या एका कोपऱ्यातून. माणसं मोठी झाली की पाणीसुद्धा सरळ पीत नाहीत.

निघताना अनुभवप्रमुखांनी आनंदाची बातमी दिली. दुसरी शाखा निघते आहे. त्यासाठी आणखी एक आई हवी आहे. जाहिरात देणार आहेत.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

हे पत्र आई स्वतः तुझ्या हातात देईल. म्हणूनच इतका डिंक लावलाय. पाकीट फाडताना पत्रही फाटलं असेल, जुळवून वाच.

घोटाळा झाला. काल टीव्हीवर त्या हॉटेलातला रविवार दाखवला. फोटो, बाई, मान झुकवणं, सगळं. मी टीव्ही बंद करायला धावले, पण आई शांत बसली होती. मला म्हणाली, "पाईप कुठे फुटला होता?" मी उशा झटकायला लागले. मग खाली पट्टी सरकली, 'ज्येष्ठ महिला हव्यात, आईच्या भूमिकेसाठी.' तिने फोन नंबर लिहून घेतला. रडली नाही, चिडली नाही. चष्मा पुसला आणि बॅग भरायला घेतली. बॅगेत कपडे कमी आणि दवाखान्यातलं काय काय आहे. का, ते सांगत नाही.

वहिनी, तिला तिथे जाऊ देऊ नकोस. ती त्याच्यासमोर उभी राहील आणि तो 'गोष्ट आहे' म्हणून हसेल. हे तिला सोसणार नाही.

चिमणी


९ एप्रिल

प्रिय चिमणे,

जाऊ दिलं. त्यांना अडवणं मला जमेल असं तुला वाटलं, हा मी माझा मान समजते.

पहिल्याच संध्याकाळी मी घाबरत घाबरत म्हटलं, "आई, मनाला लावून घेऊ नका. भाऊजींना धंद्यापायी..."

त्या म्हणाल्या, "खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी."

"काय?"

"दाढ. गेल्या वर्षापासून डावीकडूनच चावतोय. आता तर चावतच नाही, गिळतो. गाल बघितलास? आवाज बंद केला की जबडा नीट दिसतो."

चिमणे, आपण दोघी किती हुशार! ती कोमट पाण्याची नळी मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. आणि तो सगळा मऊ पास्ता, कडा कापलेला पाव, 'चावणं ही हिंसा आहे'. लोक ज्याला धाडस म्हणत डोळे मिटत होते, ते किडलेल्या दाढेचं पथ्य होतं.

दादा म्हणाला, "मग फोन करून सांगू या ना."

"फोनवर दात दिसतो का? आणि सांगितलं तर पळेल. लहानपणीही पळायचा, माळ्यावर लपायचा. आणखी महिनाभर असंच चाललं तर सूज गळ्यापर्यंत उतरेल. त्याला समोर धरायलाच हवं. आणि समोर जायला तिथे एकच दार उघडं आहे." म्हणजे ती जाहिरात.

चाचणीला मी सोबत गेले. कोण आहोत ते बोलायचं नाही, असं मला बजावलं होतं. अनुभवप्रमुखांनी मला ओळखलंही नाही; मागच्या वेळी त्यांनी माझ्या भावना समजून घेतल्या होत्या, चेहरा नव्हे. अनुभवप्रमुखांनी विचारलं, "काकू, अनुभव आहे?"

"कशाचा?"

"आईचा. म्हणजे, लोकांसमोर."

"तीन मुलं आहेत."

"हो, ते चालेल. पण लोकांसमोर?"

मग एका वेटरला खोक्यावर बसवलं. आईंनी जवळ जाऊन त्याच्या गालावरून मायेने हात फिरवायचा होता. आई गेल्या. हनुवटी धरली, दिव्याकडे वळवली. "तोंड उघड. हं. तंबाखू बंद कर. कधीपासून दुखतंय?"

वेटर म्हणाला, "दिवाळीपासून काकू, झोपच नाही." तो बिचारा भूमिका विसरला आणि खरं बोलायला लागला. अनुभवप्रमुखांनी त्याला उठवलं. आईंना बाजूला घेऊन फार हळुवारपणे म्हणाल्या, "राग मानू नका हं काकू. पण तुमच्यात आईपण थोडं कमी पडतंय."

"असेल," आई म्हणाल्या.

मी तोंड उघडणार होते. त्यांनी माझा दंड असा दाबला की अजून दुखतोय. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सांगायचं होतं ना, तुम्ही कोण ते!" तर म्हणाल्या, "नापास झाले. आता नाव कशाला सांगू?" आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा ओला झाला. मी बघितलं नाही असं दाखवलं. तेवढं मला कळतं.

पाठीमागच्या दाराशी रविवारची आई चहा पीत बसली होती. पोस्टातून निवृत्त झालेली बाई. दारातून तिने सगळं बघितलं होतं. ती उठून उभी राहिली आणि आईंच्या हनुवटीकडे बघत राहिली. भाऊजींची हनुवटी कोणाची, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. कानकोंडी होऊन म्हणाली, "मला म्हणाले होते, शेफना आई नाहीत."

आई म्हणाल्या, "तुम्ही चांगलं करता. मला नाही जमत ते. फक्त तुमची खालची कवळी सैल आहे, बोलताना वाजते. माझ्याकडे या, बसवून देईन." मग दोघी चहा पीत बराच वेळ कुजबुजल्या. मला लांब उभं केलं होतं.

रविवारी आम्ही तिघं कोपऱ्यातल्या टेबलावर. माणसं खच्चून भरलेली. भाऊजी बाहेर आले, मान झुकवली, सगळ्यांचे मोबाइल वर गेले. आता "जेवलास का रे बाळा" येणार. त्या बाईने त्यांची हनुवटी धरली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "टिल्लू, तोंड उघड!"

चिमणे, ते नाव त्या हॉटेलात कोणालाही माहीत नव्हतं. भाऊजींनी तोंड उघडलं. आ वासून उभे राहिले, डोळे विस्फारलेले. माझ्या शेजारी बघते तर तुझ्या दादानेही उघडलेलं!

आई उठल्या. पर्समधून बॅटरी काढली. सगळ्या खोक्यांमधून वाट काढत गेल्या आणि टाचा उंचावून आत बघितलं. "वाटलंच होतं. गुरुवारी ये. जेवून ये, नंतर खाता येणार नाही." बॅटरी बंद केली आणि परत येऊन सॉस खायला बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. अनुभवप्रमुख मागे कोणाला तरी म्हणत होत्या, "हे ठेवू या, हे फार खरं वाटतं."

भाऊजी गालाला हात लावून तसेच उभे होते. गुरुवारी येतील की नाही, मला सांगता येत नाही. आई उद्याच्या गाडीने निघताहेत. दवाखान्याच्या खुर्चीवरची चादर काढून ठेव.

वहिनी


६ मे

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत नाही.

तुम्ही दोघी शाळेच्या पत्त्यावर पत्रं लिहीत होता, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. चिमणीला लपवता येत नाही, लगेच घर आवरायला लागते. पाईपचं मात्र मन लावून रचायला हवं होतं.

कामाचं आधी. टिल्लू त्या गुरुवारी आला. टोपी, काळा चष्मा, बरोबर फक्त ड्रायव्हर. मी सांगितलं होतं तशीच दाढ होती. साफ केली, औषध घालून तात्पुरती भरली. पुढचं माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे सोपवलं आहे, तिच्याकडे यंत्रं नवी आहेत. आता तो दोन्ही बाजूंनी चावतो. काल टीव्हीवर खात्री केली.

पेपरात आलंय की त्याच्या हॉटेलात आता कडक पाव ठेवणार आहेत आणि त्यामागे म्हणे 'आवाजाचं तत्त्वज्ञान' आहे. असू दे. त्यामागे मी भरलेली दाढ आहे, पण ते छापायला चांगलं दिसणार नाही.

पोस्टातल्या बाई येऊन कवळी बसवून गेल्या. फोटो अजून त्यांचाच आहे. मी काही म्हटलं नाही. फोटोसाठी हसायचं तर त्यांचंच हसू चांगलं, आता वाजतही नाही.

तू विचारलं आहेस, तो काय म्हणाला. काही नाही. अर्धं तोंड बधिर होतं, बोलता येत नव्हतं. इतक्या वर्षांत तो माझ्यासमोर एवढा वेळ गप्प बसल्याचं आठवत नाही. चिमणी आतल्या खोलीत रडत होती. कारण विचारलं तर सांगेना.

मी त्याला नेहमीसारखं बजावलं, दोन तास काही खायचं नाही. त्याची गाडी दारात चालू ठेवलेली होती. मला वाटलं, आता उठेल. त्याने खिडकीतून हात करून गाडी बंद करायला लावली आणि पुढच्या खोलीत, पूर्वी दवाखान्यात पेशंट बसायचे त्या बाकावर जाऊन बसला. मी माझी अवजारं उकळत होते. मध्ये मध्ये बघत होते, तो तिथेच होता.

दोन तास झाल्यावर मी अंडी उकडली. चिमणी म्हणते, फार कडक झाली होती. त्याने दोन खाल्ली. डाव्या बाजूने, मी सांगितलं होतं तशी.

आई